मेरी ॲन बिकरडाइक

मेरी ॲन बिकरडाइक (माहेरचे आडनाव : बॉल, जन्म : १९ जुलै १८१७, नॉक्स परगणा, ओहायो, मृत्यू : ८ नोव्हेंबर १९०१, बंकर हिल, कॅन्सस) या अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्याबरोबर राहून जखमी व आजारी सैनिकांची सेवा करणाऱ्या परिचारिका होत्या. सैनिक त्यांना ‘मदर बिकरडाइक’ म्हणत आणि पुढे इतिहासातही हेच नाव रूढ झाले. एकोणीस लढायांच्या जखमींची त्यांनी शुश्रूषा केली आणि सुमारे तीनशे क्षेत्रीय रुग्णालयांच्या उभारणीत त्यांचा हात होता, असे मानले जाते. युद्धावर गेल्या तेव्हा त्या विधवा होत्या आणि त्यांच्या पदरी दोन अल्पवयीन मुलगे होते. हजारो परक्या मुलांची आई झालेल्या या स्त्रीची स्वतःची मुले त्या चार वर्षांत दुसऱ्यांच्या आश्रयाने राहिली. त्यांच्या चरित्राचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पूर्वायुष्य

मेरी ॲन यांचा जन्म ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या दीड वर्षाच्या असतानाच आई निवर्तली. त्यामुळे त्यांचे बालपण प्रथम आजीआजोबांकडे व नंतर नातलगांकडे गेले. वनौषधींचे ज्ञान त्यांनी मिळवले होते. त्या काळी अमेरिकेत रूढ असलेल्या रक्तस्राव करविणे, पाऱ्याचे क्षार देणे अशा उग्र उपचारांपेक्षा साधी झाडपाल्याची औषधे, स्वच्छ अंथरूण व हलका आहार यांवर त्यांचा विश्वास होता. विज्ञानाच्या आजच्या दृष्टीने पाहिले, तरी अनेक बाबतींत त्यांची ही समजूत त्या काळच्या पदवीधर वैद्यांपेक्षा रुग्णाच्या अधिक हिताची होती, असेच म्हणावे लागते.

१८४७ मध्ये त्यांचा विवाह रॉबर्ट बिकरडाइक यांच्याशी झाला. रॉबर्ट हे विधुर होते, पहिल्या विवाहापासून त्यांना मुले होती आणि संगीतात त्यांना चांगली गती होती. १८५६ मध्ये हे कुटुंब इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग या गावी स्थायिक झाले. हे गाव गुलामगिरीच्या विरोधकांनीच वसविलेले होते. एब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या गाजलेल्या वादसभांपैकी एक १८५८ मध्ये याच गावच्या नॉक्स महाविद्यालयाच्या प्रांगणात झाली. १८५९ मध्ये रॉबर्ट यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास त्यांची लहानगी मुलगी मार्था हीही दगावली. मागे उरले जेम्स आणि हायरम हे दोन मुलगे. घर चालविण्यासाठी मेरी ॲन आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागल्या व वनौषधी देऊ लागल्या.

त्या गावातील काँग्रिगेशनल चर्चच्या सभासद होत्या. मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात १८३१ मध्ये कार्यास आरंभ करणारे अमेरिकन मराठी मिशन याच पंथपरंपरेतून आले असल्याने मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नसावे. गेल्सबर्गच्या चर्चचे धर्मोपदेशक एडवर्ड बीचर हे ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांचे बंधू होत. श्रद्धा ही दीनदुबळ्यांच्या सेवेतून सिद्ध व्हावी, असे संस्कार या चर्चमध्ये होत असत.

केरो येथील छावणी

१८६१ च्या उन्हाळ्यात एका रविवारी उपासनेच्या वेळी बीचर यांनी एक पत्र वाचून दाखविले. ते बेंजामिन वुडवर्ड या गेल्सबर्गच्याच डॉक्टरांचे होते. इलिनॉयच्या एका पलटणीबरोबर ते राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो व मिसिसिपी नद्यांच्या संगमावरील केरो येथे गेले होते. तेथे अद्याप लढाई झालेली नव्हती. तरीही गोळी न लागताच गावातली तरुण मुले मरत होती. चिखलात उभारलेल्या तंबूंत हिवताप, हगवण आणि विषमज्वर यांनी थैमान घातले होते. खाली गवत, अंगावर मळलेले कपडे आणि आहार निरोगी माणसालाही न पचणारा, अशी तेथील रुग्णांची अवस्था होती.

चर्चमधील मंडळींनी तेथल्या तेथे वर्गणी केली आणि सुमारे पाचशे डॉलर किमतीचे साहित्य जमविले. ते नेऊन पोचविणारी व्यक्ती जबाबदार हवी होती. मेरी ॲन यांच्यावर ती जबाबदारी आली. मुले शेजाऱ्यांच्या हवाली करून त्या निघाल्या. साहित्य पोचवून परत यायचे, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात त्या सैन्याच्या सेवेतून मोकळ्या झाल्या त्या पावणेपाच वर्षांनी.

केरोला पोचल्यावर त्यांनी प्रथम औषधांची पेटी उघडली नाही, पाणी तापत ठेवले. मोठी पिपे कापून त्यांच्या नांदी बनविल्या, रुग्णांना आंघोळ घातली, जुने गवत जाळून टाकले आणि स्वच्छ सदरे दिले, असे सांगितले जाते. कामाला लागलेल्या शिपायांना त्यांनी घरून आणलेले तळलेले कोंबडीचे मांस मोबदला म्हणून वाढल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. केरोच्याच एका सधन घरातील तरुणी मेरी सॅफर्ड ही त्यांची सहकारी झाली. त्यांच्याकडून शुश्रूषा शिकलेल्या सॅफर्ड पुढे स्वतः डॉक्टर झाल्या.

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या वैद्यकाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. रोगजंतूंची कल्पना सर्वमान्य झालेली नव्हती. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धती १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर प्रसिद्ध झाली. शस्त्रवैद्य एका रुग्णावरून दुसऱ्याकडे त्याच हातांनी व त्याच हत्यारांनिशी जात. या युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांपैकी सुमारे दोनतृतीयांश गोळीने नव्हे, तर रोगाने मेले. परिचारिकांचे शिक्षण देणाऱ्या शाळा अमेरिकेत १८७३ मध्ये निघाल्या. अशा वेळी साबण, उकळते पाणी आणि पेज हेच सर्वांत प्रभावी उपचार होते आणि ते करण्यासाठी कोणत्याही खात्यात कोणाची नेमणूक झालेली नव्हती.

डोनलसन आणि शायलो

फेब्रुवारी १८६२ मध्ये टेनेसी राज्यातील फोर्ट डोनलसन हा किल्ला जनरल ग्रँट यांच्या सैन्याने जिंकला. हवा कडाक्याच्या थंडीची होती आणि रणांगणावर पडलेले जखमी तेथेच गोठत होते. किल्ला पडल्यानंतरच्या रात्री जॉन लोगन या अधिकाऱ्याला आपल्या तंबूतून दूरवर रणांगणात एक कंदील इकडून तिकडे फिरताना दिसला. मृतांना लुटणारा कोणी असावा, अशा संशयाने त्याने माणूस पाठविला. निघाल्या त्या बिकरडाइक. एकेका प्रेतावर ओणव्या होऊन त्या कंदिलाच्या उजेडात चेहरा न्याहाळत होत्या. नजरचुकीने कोणी जिवंत माणूस मृतांत राहून गेला नसेल ना, ही शंका त्यांना झोपू देत नव्हती. मृतांमधून जिवंत शोधण्याचा हा प्रसंग त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. लोगन त्यांचे आयुष्यभराचे चाहते झाले.

दोन महिन्यांनी, ६ व ७ एप्रिल १८६२ रोजी शायलोची लढाई झाली. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. एवढ्या जखमींची व्यवस्था करण्याची तयारी सैन्यापाशी नव्हती. येथे बिकरडाइक चुली पेटवून गरम सूप, चहा आणि खाण्याचे पदार्थ देत असताना एका शस्त्रवैद्याने त्यांना हटकले आणि कोणाच्या अधिकाराने हे चालले आहे, असे विचारले. आपल्याला हा अधिकार प्रत्यक्ष परमेश्वराकडून मिळाला असून त्याहून वरचा अधिकारी आपल्या पाहण्यात नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर अनेकदा विनोद म्हणून सांगितले जाते. बिकरडाइक यांनी मात्र ते विनोदाने दिले असेल, असे वाटत नाही.

अधिकाराचा प्रश्न

सैन्यातील परिचारिकांच्या प्रमुख म्हणून सरकारने डोरोथिया डिक्स यांची नेमणूक केली होती. बिकरडाइक यांची सेवा डिक्स यांच्या व्यवस्थेतून सुरू झालेली नव्हती. १८६२ मध्ये सॅनिटरी कमिशन या स्वयंसेवी संस्थेच्या शिकागो शाखेने त्यांना आपल्या प्रतिनिधी म्हणून नेमले. ही शाखा मेरी लिव्हरमोर व जेन होज या दोघी चालवीत. त्यामुळे त्यांना साहित्याचा नियमित पुरवठा होऊ लागला. पण लष्करी दर्जा काही मिळाला नाही.

दर्जा नसतानाही त्यांचा शब्द चाले, याचे कारण वरिष्ठ सेनानींचा पाठिंबा. ग्रँट यांना त्यांच्या कामाची किंमत कळली होती. विल्यम शर्मन हे तर छावणीत नागरिक मदतनिसांना जवळ फिरकू देत नसत. परंतु बिकरडाइक यांना त्यांनी अपवाद केले. एकदा एका दालनातील आजाऱ्यांना सकाळ उलटून गेली तरी अन्न मिळाले नव्हते, कारण तेथील डॉक्टर रात्रीच्या मद्यपानानंतर उशिरापर्यंत झोपला होता आणि पथ्याच्या आहाराची यादी त्याने केलीच नव्हती. बिकरडाइक यांनी आधी रुग्णांना जेवू घातले आणि मग त्या डॉक्टरला सेवेतून काढून टाकविले. तो तक्रार घेऊन वर गेला, तेव्हा ही बाई आपल्यापेक्षाही वरच्या हुद्द्याची असल्याने आपला इलाज नाही, असे सांगून शर्मन यांनी त्याला परत पाठविले, अशी कथा आहे.

अशा कथांपैकी बहुतेक मेरी लिव्हरमोर यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींतून आल्या आहेत. लिव्हरमोर त्यांच्या मैत्रीण व चाहत्या होत्या, हे वाचकाने लक्षात ठेवावे. तिखट स्वभावाच्या बाईभोवती आख्यायिका लवकर जमतात. मात्र रुग्णाच्या ताटातले अन्न किंवा अंगावरचा सदरा चोरणाऱ्याला, मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्या क्षमा करीत नसत, याबद्दल सर्वच साक्षी जुळतात.

मेम्फिसमधील कार्य

मेम्फिस हे मिसिसिपी नदीवरील शहर जून १८६२ मध्ये संघराज्याच्या ताब्यात आले आणि तेथे मोठी लष्करी रुग्णालये उघडली. बिकरडाइक यांच्याकडे गायोसो रुग्णालयाची व्यवस्था आली. रणभूमीवरील कंदिलाची गोष्ट अधिक प्रसिद्ध असली, तरी त्यांच्या कर्तृत्वाचे खरे दर्शन मेम्फिसच्या धोबीखान्यात आणि स्वयंपाकघरात घडते.

तोवर पू व रक्ताने माखलेले सदरे, चादरी व पट्ट्या फेकून किंवा पुरून टाकण्याची पद्धत होती. त्यामुळे घरोघरीच्या स्त्रियांनी शिवून पाठविलेले कापड एका वापरात संपे आणि पुढचा रुग्ण उघडा पडे. बिकरडाइक यांनी मोठ्या कढया, कपडे धुण्याची व पिळण्याची यंत्रे मागविली आणि कापड उकळून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरात आणण्याची पद्धत बसविली. गुलामगिरीतून सुटून सैन्याच्या आश्रयाला आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना त्यांनी या कामावर घेतले. या चरित्रातील श्रेय एकट्या बिकरडाइक यांना देताना या निनावी हातांची आठवण क्वचितच ठेवली जाते. पुढे सैन्य जिथे जाई तिथे हा धोबीखाना त्यांच्याबरोबर जाई. कापसाच्या पिकाच्या प्रदेशात राहून सैनिकांना धडका सदरा मिळत नव्हता, तो या व्यवस्थेमुळे मिळू लागला.

दुसरी अडचण दुधाची व अंड्यांची होती. आजाऱ्याला सोसेल असे हे अन्न मेम्फिसमध्ये दुर्मीळ व महाग झाले होते आणि उत्तरेकडून येणारी अंडी वाटेतच नासत. १८६३ च्या आरंभी बिकरडाइक इलिनॉयमध्ये परतल्या, शेतकऱ्यांकडे फिरल्या आणि सुमारे शंभर गायी व हजार कोंबड्या घेऊन नदीमार्गे मेम्फिसला आल्या. एका श्रीमंत पशुपालकाने एकट्यानेच पुष्कळ गायी दिल्या होत्या. हंबरणाऱ्या गायी आणि कलकलाट करणारे कोंबड्यांचे पिंजरे यांची मिरवणूक शहरातून निघाली, तेव्हा रस्त्यावर बघ्यांची गर्दी झाली. तेथील सेनाधिकारी हर्लबट यांनी या जनावरांसाठी नदीतील प्रेसिडेंट्स बेट मोकळे करून दिले. ग्रामीण घरात वाढलेल्या व्यक्तीलाच हा उपाय सुचला असता. लष्करी पुरवठा खात्याच्या कागदांत गायीला रकानाच नव्हता.

चॅटनूगाचा हिवाळा

व्हिक्सबर्गचा वेढा जुलै १८६३ मध्ये संपला. त्यानंतर बिकरडाइक शर्मन यांच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे टेनेसीत आल्या. नोव्हेंबरमध्ये चॅटनूगाजवळ लुकआउट पर्वत आणि मिशनरी रिज येथे घनघोर लढाया झाल्या. येथील क्षेत्रीय रुग्णालयात जखमींची संख्या मोठी होती आणि कित्येक आठवडे त्या एकट्याच स्त्री तेथे होत्या.

१८६३ च्या अखेरच्या रात्री अतिशीत वादळ आले. तंबू उडाले, लाकूड संपले आणि जखमी माणसे थंडीने काकडू लागली. जवळच लाकडाच्या ओंडक्यांचे लष्करी तटबंदीचे बांधकाम होते. ते पाडण्याचा अधिकार मोठ्या अधिकाऱ्यांनाच होता आणि रात्री त्यांना गाठणे शक्य नव्हते. बिकरडाइक यांनी हाताशी असलेल्या शिपायांना तट उखडून शेकोट्या पेटविण्यास सांगितले. त्या रात्रभर विटा तापवून तंबूतंबूंत वाटत राहिल्या आणि पेये गरम करून पाजत राहिल्या. सकाळी एका अधिकाऱ्याने त्यांना अटक झाल्याचे सांगितले. अटक त्यांनी मुकाट मान्य केली आणि थंडी ओसरेपर्यंत कामात मात्र कोणी अडथळा आणू नये, एवढीच अट घातली, असे सांगतात. नववर्षाच्या पहिल्या दिवशी एलिझा पोर्टर या सहकारी तेथे दाखल झाल्या आणि पुढील वर्षभर दोघींनी बरोबरीने काम केले. पोर्टर शांत व सौम्य होत्या. बिकरडाइक यांच्या उग्रपणाला ही जोड फार चांगली ठरली.

१८६४ मध्ये अटलांटावरील मोहिमेत त्या सैन्याच्या मागोमाग राहिल्या. शर्मन यांनी समुद्राकडे कूच केले तेव्हा त्या उत्तरेला गेल्या आणि जहाजभर साहित्य घेऊन त्यांना भेटण्यास निघाल्या. परंतु वाटेत नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे अँडरसनव्हिलच्या तुरुंगातून सुटलेले युद्धकैदी आल्याचे त्यांना कळले आणि त्या तेथेच थांबल्या. त्या तुरुंगात डांबलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार सैनिकांपैकी जवळपास तेरा हजार उपासमारीने व रोगाने मेले होते. जे वाचले त्यांना चमच्याचमच्याने अन्न देऊन जगवावे लागले.

२४ मे १८६५ रोजी वॉशिंग्टन येथे शर्मन यांच्या विजयी सैन्याचे संचलन झाले. त्यात बिकरडाइक घोड्यावरून पंधराव्या कोअरच्या अग्रभागी होत्या. अंगात नेहमीचाच साधा छापील सुती पोशाख आणि डोक्यावर उन्हाची टोपी होती. इलिनॉयच्या अखेरच्या सैनिकांना निरोप मिळेपर्यंत त्यांनी सेवा सोडली नाही. मार्च १८६६ मध्ये त्यांनी निरोप घेतला.

मुलगे

आपल्याकडे रुग्णालयातील परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. हा शब्द शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींच्या परंपरेतून आलेला आहे. संसार न मांडलेल्या स्त्रीला तो शोभतो. बिकरडाइक यांना सैनिकांनी ‘मदर’ म्हटले, कारण घरदार सांभाळलेल्या बाईचेच हात त्यांना ओळखू आले. पण ही उपाधी फुकट मिळालेली नव्हती. जेम्स आणि हायरम यांचे वडील १८५९ मध्ये गेले, बहीण गेली आणि दोनच वर्षांत आईही निघून गेली. ती अधूनमधून भेटीला येई आणि पुन्हा परत जाई. मुलांच्या सांभाळाची व्यवस्था लावलेली होती, ती आबाळीत टाकलेली नव्हती, हे खरे. तरी परक्या घरी आश्रित म्हणून वाढणे म्हणजे काय, हे स्वतः आईवेगळ्या वाढलेल्या मेरी ॲन यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

गौरवग्रंथांत या प्रश्नावरून लेखणी हलकेच पुढे सरकते. पुरुष सेनापतीने चार वर्षे मुलांचे तोंड पाहिले नाही, तर त्याचा जाब कोणी विचारत नाही, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखकाच्या मते बिकरडाइक यांनी हा भार जाणून उचलला आणि त्याचा एक भाग न विचारता मुलांच्याही खांद्यावर आला.

युद्धोत्तर जीवन

युद्धानंतर काही काळ त्यांनी शिकागोमध्ये निराधारांच्या आश्रमात काम केले. नोकरी नसलेल्या माजी सैनिकांना पश्चिमेकडे शेतजमीन मिळू शकते, हे ओळखून त्यांनी अनेक कुटुंबांना कॅन्ससमध्ये वसण्यास साहाय्य केले. सलाइना येथे त्या एक भोजननिवास चालवीत. परंतु जुन्या सैनिकांकडून पैसे मागणे त्यांना जमत नसे आणि लवकरच तो हातचा गेला. हिशेबाच्या बाबतीत त्या कधीच कुशल नव्हत्या. १८७० पासून सुमारे चार वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या झोपडवस्त्यांत एका प्रॉटेस्टंट मिशनतर्फे सेवा केली. १८७४ मध्ये टोळधाडीने कॅन्ससची शेती उजाड केली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांसाठी अन्न व कपडे जमविण्याकरिता त्यांनी पूर्वेकडे फेऱ्या केल्या. त्यानंतर प्रकृतीसाठी त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या आणि तेथे त्यांना सरकारी टांकसाळीत नोकरी मिळाली.

या वर्षांत त्यांचा बराचसा वेळ निवृत्तिवेतनाच्या अर्जांत गेला. कागदपत्रे हरवलेले, साक्षीदार मेलेले माजी सैनिक आणि सेवेची कोणतीही सरकारी नोंद नसलेल्या परिचारिका त्यांच्याकडे येत. त्या प्रतिज्ञापत्रे मिळवीत, पत्रे लिहीत, वॉशिंग्टनला खेटे घालीत. स्वतःसाठी त्यांनी मागितले नाही. मित्रांनी केलेल्या खटपटीनंतर १८८६ मध्ये काँग्रेसने त्यांना दरमहा २५ डॉलर निवृत्तिवेतन मंजूर केले. युद्ध संपून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. सैन्यात काम केलेल्या परिचारिकांना निवृत्तिवेतन देणारा सर्वसाधारण कायदा १८९२ मध्ये झाला. त्यात दरमहा १२ डॉलरची तरतूद होती.

१८८७ मध्ये त्या कॅन्ससला परतल्या आणि बंकर हिल येथे मुलगा जेम्स याच्या घरी राहिल्या. केरोला जाताना ज्याला शेजाऱ्यांच्या हवाली केले होते, त्याच मुलाने त्यांचे वार्धक्य सांभाळले. १९ जुलै १८९७ रोजी, त्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी, कॅन्ससमध्ये ‘मदर बिकरडाइक दिन’ साजरा झाला.

निधन आणि स्मारके

८ नोव्हेंबर १९०१ रोजी बंकर हिल येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह गेल्सबर्गला नेण्यात आला आणि लिनवुड दफनभूमीत पती रॉबर्ट यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

१९०६ मध्ये गेल्सबर्ग येथे नॉक्स परगण्याच्या न्यायालयासमोरील हिरवळीवर त्यांचे कांस्यशिल्प उभारण्यात आले. शिल्पकार थिओडोरा ॲलिस रगल्स किटसन यांनी त्यात त्यांना जमिनीवर गुडघे टेकलेल्या अवस्थेत दाखविले असून एका हाताने त्या जखमी सैनिकाला सावरीत आहेत आणि दुसऱ्या हाताने त्याच्या ओठाशी पेला धरीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जलावतरण झालेल्या एका अमेरिकन मालवाहू जहाजालाही त्यांचे नाव देण्यात आले होते.